पट्ट्यावरचा काळा दगड

घारमावशीच्या नजरेतून काही सुटत नाही, असा तिचा लौकिक होता. तुम्ही तिच्यासमोर बसा, दोन शब्द बोला, की बोलता बोलता तिचा हात पुढे येऊन तुमच्या खांद्यावरचा दोरा उचलणार. दवाखान्याच्या रांगेत उभी असली तरी पुढच्या अनोळखी माणसाच्या पाठीवरचं कुसळ काढल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. लेक वैतागून म्हणायची, "आई, लोकांना आवडत नाही गं." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "मला तरी कुठे आवडतं? हात जातो."

हात जातो हे मात्र खरं. ऐन तारुण्यात कामाला लागल्यापासून खाण बंद पडेपर्यंत तिने एकच काम केलं होतं. पांढऱ्यातून काळं वेचायचं.

वस्तीच्या मागे टेकडी फोडून खाण केली होती. तिथे निघायचा फेल्डस्पार, म्हणजे दुधट पांढरा, चपट्या अंगाने फुटणारा दगड. तो दळून कपबशांच्या कारखान्यात जायचा. दळण्याआधी एका लांबलचक पत्र्याच्या शेडमधून, सरकत्या पट्ट्यावरून त्याची मिरवणूक निघायची. पट्ट्याच्या एका बाजूला बायका ओळीने उभ्या, आणि प्रत्येकीच्या पाठीमागे भिंतीला एक चौकोनी भोक. पांढऱ्यात काळा दगड दिसला की उचलायचा आणि मागे न बघता त्या भोकातून बाहेर भिरकावायचा. मागे बघायची सोयच नव्हती. मान वळवली की तेवढ्यात दोन काळे निसटले म्हणून समजा. बाहेर भोकाखाली जिचा तिचा ढीग साचायचा, आणि संध्याकाळी मुकादम बाहेरून फेरी मारून ढिगांकडे बघायचा. कोणी किती वेचलं आणि कोण किती बोलत बसलं, हे त्याला ढीग सांगायचे. पट्ट्याच्या तोंडाकडून तिसरं भोक मावशीचं. तिचा ढीग सगळ्यांत उंच. म्हणून ती घार.

एवढा काळ्याचा दुस्वास कशासाठी, असं कुणीही विचारेल. तर एक काळा खडा जरी दळणात गेला, तरी भट्टीतून निघालेल्या बशांच्या झिलईवर तपकिरी ठिपके उठायचे, आणि अंगावर डाग असलेल्या बशीतून चहा प्यायला कोण तयार होणार? असा माल परत यायचा, मुकादम तोंडसुख घ्यायचा, आणि ठिपक्यांच्या बशा बायका घरी न्यायच्या. सगळ्या वस्तीत तेव्हा ठिपक्यांच्याच बशा होत्या. मावशीच्या घरीही होत्या, पण त्यातला एकही ठिपका आपल्या हातून सुटलेल्या खड्याचा नाही, असं ती शपथेवर सांगायची. शेजारच्या भोकावरची लंबू हे ऐकून नुसतं हसायची.

ते दिवस मावशीला अजून जसेच्या तसे आठवतात. सकाळी शेडचा पत्रा थंडगार असायचा आणि दुपारी त्याच्याखाली माणूस भाजून निघायचा. भुवया, पापण्या, नाकाचा शेंडा, सगळं पांढरं व्हायचं. पोरीसोरी एका दिवसात म्हाताऱ्या दिसायला लागायच्या आणि नळाखाली तोंड धुतलं की परत तरुण. डबे खाताना कुणाचं लग्न, कुणाची सासू, कुणाचं दुखतंखुपतं, सगळं निघायचं. पट्टा एकसारखा कुरकुरायचा. खाण बंद झाल्यावर कितीतरी दिवस त्या कुरकुरीवाचून तिला झोप लागत नव्हती, हे ती कुणाला सांगत नाही.

आता या पट्ट्याच्या कुरकुरीवरच तिच्या संसाराची गाडी उभी आहे, ते ऐका.

वर खाणीत एक सुरुंगवाला होता. दगडाला ड्रिलने भोकं पाडायची, त्यात दारू भरायची आणि सगळ्यांना लांब पिटाळून बत्ती द्यायची, हे त्याचं काम. अख्खा कडा कोसळला तरी हूं की चूं न करणारा माणूस, पण बायकांच्या शेडमध्ये आला की घामाघूम. तरी यायचा. मावशी कामाला लागली त्या पहिल्याच हिवाळ्यात तर रोज सकाळी पट्टा सुरू व्हायच्या वेळेला हातात तेलाचा डबा घेऊन हजर. मुकादम ओरडायचा, "तुझं काम वर आहे, इथे काय ठेवलंय?" हा मान खाली घालून म्हणायचा, "पट्टा कुरकुरतोय." मग पट्ट्याच्या तोंडाशी वाकून काहीतरी खुडबुड करायचा, क्षणभर थांबायचा आणि निघून जायचा. पट्टा आपला कुरकुरतच राहायचा.

त्याच हिवाळ्यात त्याच्या बोटांची सालं निघालेली असायची. लंबूने एकदा विचारलं, "हे काय रे, हात कशात घातलेस?" तर म्हणाला, "थंडीने उललेत." मावशीने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घरून मलमाची डबी आणून, न बोलता, पट्ट्याच्या कठड्यावर ठेवली. त्याने ती घेतली. दोघांमधला तेव्हाचा सगळा व्यवहार एवढाच.

आणि हिवाळा सरता सरता तो यायचा बंद झाला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, समोरून आला तरी मान फिरवून जायला लागला. मावशीला आधी राग आला आणि मग, तिचं तिलाच कळेना, रडू यायला लागलं. शेवटी नळावर तिने त्याला गाठलं.

"पट्टा फार कुरकुरतोय. तेल संपलं वाटतं?"

त्याने नळ बंद केला. मग म्हणाला, "माझा दगड टाकून दिलास ना. मग मी कशाला येऊ?"

"कुठला दगड?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या मोसमात खाणीवर एक दगडांचा अभ्यास करणारे मास्तर मुक्कामाला होते, आणि त्यांची पेटी उचलून चालायचं काम सुरुंगवाल्याकडे आलं होतं. बायका ज्याला नुसतं 'काळं' म्हणायच्या, ते मास्तरांनी हातोडीने फोडून त्याला दाखवलं. आतून गर्द जांभळं. रेशमी कापडाला उजेडात धरावं तशी त्यावर चमक. ठिपक्यांच्या बशीच्या बुडाला जी खरखरीत, झिलई नसलेली कड असते, तिच्यावर मास्तरांनी तो घासला तर लालसर जांभळा कस उमटला.

मास्तरांनी त्याला सांगितलं, त्याने मावशीला सांगितलं, आणि मावशी आजही ते तिच्या पद्धतीने सांगते. ही सगळी टेकडी एके काळी खोल जमिनीत वितळलेला रस होती. बाकीचा रस थिजला, आणि शेवटी उरलेला, पाणीदार, सगळ्या उरल्यासुरल्या जिनसांनी भरलेला रस भेगांमध्ये सावकाश थंड होत बसला. सावकाश झालं म्हणून स्फटिक माणसाएवढाले झाले. पांढरा फेल्डस्पार, गारगोटी, पानापानांनी सुटणारी अभ्रकाची पुस्तकं, आणि अधूनमधून एका फॉस्फेटचे राखाडी-हिरवट गोळे. त्या गोळ्यांत लोखंड, मँगनीज आणि लिथियम नावाचा सगळ्या धातूंत हलका धातू. तो झाला दगडाचा पहिला जन्म. मग भेगांतून पाणी फिरायला लागलं आणि त्याने हळूहळू लिथियम धुऊन नेलं. घर जागेवर राहिलं, त्यातला एक माणूस तेवढा निघून गेला. राहिलेलं लोखंड आणि मँगनीज हवापाण्याने गंजलं, आणि गंजता गंजता आधी तपकिरी, मग जांभळं झालं. हा दुसरा जन्म. लोखंड जास्त असेल तर त्याला हेटेरोसाइट म्हणायचं, मँगनीज जास्त असेल तर पर्प्युराइट. आणि वरून मँगनीजची काळी पुटं चढतात, म्हणून बाहेरून बघाल तर कोळसा. एखादा मोठा गोळा फोडला की मधोमध अजून हिरवट बी सापडतं, भोवती तपकिरी कडं, त्याच्याबाहेर जांभळं आणि सगळ्यांत वर काळं. चाकूने ओरखडा उठतो इतका तो मऊ, आणि आपटला तर तुकडे होतात इतका ठिसूळ.

ते काळं पूट पातळ ॲसिडमध्ये सुटतं, हेही मास्तरांनी सांगितलं. झालं. सुरुंगवाल्याच्या डोक्यात दिवा पेटला. कोठीतून त्याने संडास धुवायचं ॲसिड आणलं, पाण्यात ओतलं आणि एक दगड रात्रभर भिजत घातला. वाडगा लहान होता, त्यामुळे दगड अर्धाच बुडाला. सकाळी काढला तर खालचं अर्धं अंग लखलखीत जांभळं, वरचं काळंच, आणि मधे पट्टीने आखावी तशी सरळ रेघ. लोक फुलं देतात. याने संडासाच्या ॲसिडात धुतलेला दगड दिला.

पण द्यायचा कसा? हातात द्यायची छाती नव्हती. म्हणून त्याने तो पट्ट्याच्या तोंडाशी ठेवला, जांभळी बाजू खाली करून, म्हणजे पहिल्या दोघींना काही दिसू नये. वर दिसणारी बाजू काळी, पण त्या दोघी पट्ट्याच्या पलीकडच्या कडेचं वेचायच्या. त्याने तो बरोबर अलीकडच्या, मावशीच्या कडेला ठेवला. तिसऱ्या भोकापाशी मावशी तो उचलेल, खालून बघेल, आणि समजेल. मनात मांडे खाऊन झाले होते त्याचे.

सुरुंगवाल्याला दगड कळत होता, वेचणं कळत नव्हतं. वेचणारी बाई दगड उलटा करून बघत नाही. काळं दिसलं की हात जातो, आणि हातातून दगड जातो. मावशीने उचलला, मागे फेकला. त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

"अहो, पण मी बघितलाच नाही," मावशी नळावर म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "असा तोंड लपवून कुणी देतं का? ताकाला जाऊन भांडं लपवायचं?"

"एकच होता," तो म्हणाला.

दोघं ढिगापाशी गेली. तिच्या भोकाखाली आता कमरेच्या वर काळ्यांची रास होती. तिने एकदोन दगड उचलून बघितले आणि हात टेकले. तो म्हणाला, "राहू दे. ढीग कुठे पळून जातोय? सापडेल कधीतरी."

पुढे आयुष्यभर त्या दगडावरून चेष्टा झाली. चहात साखर कमी पडली तरी तो म्हणायचा, "चालायचंच, आमचा दगड टाकणारी बाई आहे." ती चिडली की म्हणायचा, "दैव देतं आणि कर्म नेतं." लेक झाली, मोठी झाली, शिवणकाम शिकली, तिला गिऱ्हाइकं मिळाली, आणि बापाने तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांना दगडाची गोष्ट सांगून झाली. "दगड शोधायचाय अजून," मावशी म्हणायची. "ढीग कुठे पळून जातोय," तो म्हणायचा. रोजच्या धबडग्यात तिकडे जाणं झालंच नाही. ढीग वाढत गेले, एकमेकांत मिसळले आणि शेडमागे एक काळी टेकडी उभी राहिली.

मग खाण बंद पडली. मग त्याचा खोकला सुरू झाला, जो सगळ्या ड्रिलवाल्यांना होतो आणि ज्याच्यावर औषध नसतं. शेवटच्या दिवसांत बोलताना त्याला धाप लागायची, म्हणून चेष्टा तेवढी बंद झाली. मावशीला चेष्टेवाचून घर खायला उठलं. तो गेल्यावर तिला सगळ्यांत जास्त त्या टोमण्याचीच आठवण यायची.

आणि परवा जावयाने सहज सांगितलं की खाणीमागची काळी टेकडी भरावाला नेणार आहेत, नवा रस्ता होतोय, डंपर लागलेसुद्धा.

मावशीचा घास हातातच राहिला. ढीग पळून चालला होता. तो दगड रस्त्याखाली गेला की त्याने तिला दिलेली पहिली वस्तू कायमची गेली, आणि ती तर तिने कधी बघितलीही नव्हती.

"आई, तुला समोरचं दार दिसत नाही नीट," लेक म्हणाली. "डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे, मग जाऊ."

"तोवर काय ते थांबणार आहेत? चल तू. डोळे तुझे, हात माझे."

ठिपक्यांची एक बशी पिशवीत टाकून दोघी निघाल्या. शेडचा पत्रा कुणी काढून नेला होता, पण मागची भिंत उभी होती आणि भिंतीतली भोकंही. लोडरने टेकडीचा वरचा भाग खाऊन टाकला होता. मावशीने लोडरवाल्याला हाताने थांबवलं.

"बाबा रे, या भिंतीलगतचं संध्याकाळपर्यंत ठेव. मला एक दगड शोधायचाय."

त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "आजी, दगडांना काय तोटा आहे इथे? कुठलाही घ्या."

"कुठलाही नको. माझा हवाय."

तो हसला, पण यंत्र दुसऱ्या टोकाला घेऊन गेला.

मावशीला जागा शोधावी लागली नाही. भिंतीला हात लावत तिने भोकं चाचपली. पहिलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्याच्या बरोबर खाली, अगदी तळाशी, भिंतीला चिकटून जे होतं ते तिच्या पहिल्या दिवसांतलं. ती फतकल मारून बसली आणि वेचायला लागली. पाठ तीच, वेग तोच. फरक एवढाच की आता प्रत्येक दगड ती उलटा करून चाचपत होती. सगळीकडून खरखरीत, टाक. खरखरीत, टाक. सगळं अंग भुसभुशीत, टाक. लेक बाजूला बसून बघत होती. आई कामावर कशी असायची, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

दुपार कलल्यावर मावशीचा हात थांबला. एका दगडाचं वरचं अंग खरखरीत होतं, आणि मधेच अंगठ्याखाली एक सरळ धार लागून पुढे सगळं गुळगुळीत झालं होतं. तिने बशी काढली आणि बुडाच्या कडेवर तो घासला. पांढऱ्यावर काहीतरी गडद उमटलेलं तिला धूसर का होईना, पण दिसलं.

"बघ गं."

लेकीने ओढणीचं टोक ओलं करून दगड पुसला आणि उजेडात धरला. तिच्या हाताखालून इतकी कापडं गेली होती, पण या रंगाला तिला नाव सुचेना. "वांगी नाही, जांभळाही नाही," ती म्हणाली. "आई, किती सुंदर आहे हा." रेघ तशीच होती, वाडग्यातल्या पाण्याची, एवढ्या वर्षांनीही सरळ.

मावशीने तो गालाला लावला आणि रडली. लपवायचं काही कारणच नव्हतं. मन भरल्यावर डोळे पुसून म्हणाली, "चल. सापडला."

उठायला म्हणून तिने जमिनीवर हात टेकला. हाताखाली एक दगड आला, आणि सवयीने तिने तो उलटा केला. खरखरीत, सरळ धार, गुळगुळीत.

लेकीने तो पुसला. तीच रेघ. "आंधळा मागतो एक डोळा," ती हसत म्हणाली, "देव देतो दोन."

मावशी हसली नाही. "एकच होता म्हणाले होते," ती म्हणाली, आणि परत खाली बसली.

तिसरा थोडा वरच्या थरात मिळाला. चौथा त्याच्याही वर, लहान, चेपलेला, पण रेघेचा. तळापासून वरपर्यंत, जसजसा तिचा त्या हिवाळ्यातला ढीग चढत गेला होता, तसतसे ते एकेक करून पडलेले होते. तेव्हा मावशीला ती बोटं आठवली. एका रात्रीच्या ॲसिडाने कुणाची बोटं हिवाळाभर सोलत नाहीत. आणि एक दगड ठेवायला कुणी रोज तेलाचा डबा घेऊन येत नाही. तो रोज ठेवत होता. रोज तिने तो उचललेला पाहत होता, आणि रोज फेकलेला. आणि नळावर तिचं तोंड रडवेलं झालेलं बघून तो म्हणाला, एकच होता. मग जन्मभर त्या एकावरून चिडवत राहिला आणि बाकीचे पोटात घेऊन गेला.

लोडर बंद करून तो माणूस जवळ येऊन उभा राहिला. "सापडला का आजी?"

लेकीने मानेनेच हो म्हटलं. आईच्या मांडीवर जांभळ्याची ओंजळ झाली होती, आणि आईचे हात अजून चाललेच होते, उचल, उलट, चाचप.

आणखी एक हाताला लागला. मावशीने तो पुसायलाही दिला नाही. तसाच दोन्ही हातांत धरला आणि लटक्या रागाने, जसं ती रोज संध्याकाळी बोलायची तसं, म्हणाली, "अहो, एकदा तरी वर तोंड करून ठेवायचा होतात."